जपानात शिकायला होतात? कशाची आठवण यायची?

काल लेकीला घेऊन सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेले होते. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय ना ते, तर ते तळं नि पूल बघून मला एकदम २००९ आठवलं. मास्टर्सला ओकायामातच होते मी, रविवारी सायकल काढून खऱ्या कोराकुएनला जायचो. पहिल्या डिसेंबरात सडकून ताप आला. घरी असते तर मऊ भात, मेतकूट, तूप, आणि इथे मेतकुटाची डबी ठोकून ठोकून रिकामी केलेली. शेजारच्या खोलीतली जपानी सेनपाई, म्हणजे सीनियर, न बोलावता पातेलं घेऊन आली. ओकायु! म्हणजे आपला मऊ भातच हो, वर एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं लाल आंबट फळ. पहिल्याच घासाला मला रडू फुटलं. तिला वाटलं आवडलं नाही, ती बिचारी वाकून वाकून माफी मागतेय आणि मला "आईची आठवण आली" एवढंही जपानीत धड सांगता येईना.

तुम्ही पण लिहा ना. नुसतं खाणंच असं नाही, घरच्या कुठल्याही सवयीचं चालेल.

कुकरची_शिट्टी
तीन किलोचा ॲल्युमिनियमचा कुकर नेलेला. त्यापायी दोन स्वेटर विमानतळावर बॅगेतून काढून बाबांकडे परत दिले. खोलीत बघतो तर आयएच, म्हणजे इंडक्शन शेगडी!! ॲल्युमिनियम ओळखतच नाही ती, नुसती पीं पीं करून बंद. दोन वर्षं त्या कुकरात कांदे ठेवले. थंडीत स्वेटर नाहीत ते वेगळंच.

सुप्रिया_सेंदाई
कुकर 😂😂
मी पक्की शाकाहारी. "निकु नुकी" म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करून गेले. वांगं मागवलं, आलं, आणि वर गुलाबीसर पापुद्रे वाफेवर चक्क नाचतायत! कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेला मासा. काकू म्हणाल्या की निकु नाहीये, मासा आहे. बरोबरच आहे त्यांचं. मिसो सूपमध्ये दाशी, म्हणजे त्याच माशाचं पाणी, उदोनच्या जाड शेवयांत दाशी, साध्या उकडलेल्या पालकावर पण तेच पापुद्रे. शेवटी दही-भात. फोडणी पण नाही, कढीपत्ता आणणार कुठून.

मालवणी_माणूस
आमका तर मज्जाच मज्जा 😋 पण सोलकढीसाठी जीव तुटायचा. कोकम संपल्यावर उमेबोशी कुस्करून नारळाच्या दुधात घालून बघितली. करू नका.

जोगवा
@धागाकर्ती मेतकूट संपल्यावर आम्ही किनाको वापरायचो, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यांवर, भुरभुरवतात ते. त्यात हिंग, मीठ, हळद, तिखट. डोळे मिटून खाल्लं तर चालतं.

पश्या
तोक्योत राहायचं ना मग. निशी-कासाईला सगळं मिळतं. शिन-ओकुबोला मसूर, तूर, गरम मसाला, काय हवं ते.

सुप्रिया_सेंदाई
तोक्योवाल्यांनी या धाग्यावर लिहू नये 😡

पश्या
बरं बाई. पण भाडं तुम्ही भराल का आमचं? आठवड्याला २८ तासांच्या वर बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम, करता येत नाही स्टुडंट व्हिसावर. मी रात्री बेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात हजारो डब्यांत एकेक लोणच्याचा तुकडा ठेवायचो, पिवळा मुळा, ताकुआन. घरी येऊन आईचं लिंबाचं लोणचं नुसतं हुंगून झोपायचो, पुरवून वापरायचं म्हणून.

कुकरची_शिट्टी
हे वाचून गप्प झालो यार.

अनघा_के
आंघोळ कुणी लिहिलीच नाही! बादली नि तांब्या! मला शॉवरखाली आंघोळ झाल्यासारखीच वाटत नाही. बाकी धुवून देणाऱ्या कमोडबद्दल जपानला शंभर खून माफ, अमेरिकेतल्या बहिणीला रोज चिडवायचे.

आणि गणपतीत मोदक केले तेव्हाची गंमत. दुकानात तांदळाची पिठं चार प्रकारची, कांजी, म्हणजे त्यांची चित्राक्षरं, वाचता येत नाहीत, उचललं एक. उकड काढली तर डिंक! हाताला, चमच्याला, ओट्याला, सगळीकडे. मोचीचं चिकट पीठ निघालं ते. मग अझुकीचा आन, म्हणजे लाल बीन्सचं गोड पुरण, भरून गोळे वळले नि दाइफुकु, त्यांची तशीच मिठाई, म्हणून लॅबमध्ये वाटले. सेन्सेईंनी, म्हणजे प्रोफेसरांनी, दोन खाल्ले.

जोगवा
जोशिनको घ्यायचं गं, साध्या तांदळाचं असतं. त्याचे अगदी पांढरेशुभ्र होतात.

अनघा_के
तू मला तेव्हा का नाही भेटलीस 😭

नुसताच_वाचक
जपानला गेलो नाही कधी. पण त्या उद्यानात रविवारी पार्किंग मिळतं का?

धागाकर्ती
@नुसताच_वाचक सकाळी लवकर जा, नंतर नाही मिळत.
@मालवणी_माणूस उमेबोशीची सोलकढी 🤣 चव कशी लागली ते तरी सांगा.
@जोगवा माझी भाची सप्टेंबरात क्योतोला चाललीय, तिला जोशिनको लिहून देते, कांजीत टाकशील का इथे? आणि पाणी एकास एकच ना?

जोगवा
上新粉. हे दाखव म्हणावं दुकानात. एकास एकला जरा कोरडी होते माझी, मी दोन चमचे जास्त घालते. मुलगा उठला, रात्री लिहिते.

मालवणी_माणूस
खारट औषध.