मदत हवी आहे: बार्शी लाइट रेल्वेच्या आठवणी आणि छायाचित्रे

माझे गाव बार्शी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने उभारलेली रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर असलेली आमची छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. आषाढीला याच गाडीने आजी पंढरपूरला जात असे, त्यामुळे या मार्गाबद्दल मला फार जिव्हाळा आहे.

रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणापूर्वीच्या बार्शी टाउन स्थानकाची छायाचित्रे, जुनी पुठ्ठ्याची तिकिटे किंवा वेळापत्रके कोणाकडे असल्यास त्यांची प्रत मिळू शकेल का? विशेषतः कुर्डुवाडीच्या कारखान्यात काम केलेल्या ज्येष्ठांच्या आठवणी मला त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवायच्या आहेत. कृपया त्यांच्याशी ओळख करून द्यावी.