पिंट्याची डर्ट बाईक: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

पिंट्या: दादा, यामाहा वायझेड२५०एफ बघून ठेवलीय. २०१९ चं मॉडेल, वापरलेली. फोटोत तर नवीकोरी वाटतेय. घेऊ का?

दादा: फोटोवर भाळू नकोस. प्लास्टिक कोणीही बदलतं. इंजिन किती तास चाललंय ते विचार.

मीनाआत्या: तास? किलोमीटर विचारतात ना रे?

दादा: आत्या, हिला किलोमीटरचा काटाच नाही. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, आरसे नाहीत. रस्त्यावर आणायची गाडीच नव्हे ही, मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळवायची.

सुधामामा: मग घ्यायची कशाला?

दादा: उडवायला, मामा 😄 सस्पेन्शनसाठी तर ही गाडी नावाजलेली आहे. पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, केवायबी कंपनीचा, साधा स्प्रिंगचा, पण उडी मारून खाली आलं तरी हाताला झटका बसत नाही. याबाबतीत मी तरी हिलाच झुकतं माप देईन. शिवाय २०१९ पासून बटण स्टार्ट आणि इंजिनचं मॅपिंग, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचं सेटिंग, फोनवरून बदलता येतं.

पिंट्या: म्हणजे घेऊच!

दादा: थांब जरा. त्याच मॉडेलपासून किक काढून टाकलीय. बॅटरी बसली की ढकलत बस. सीट जवळपास ९७ सेंमी उंच, तुझे पाय टेकतील का बघ. क्लच केबलचा आहे, केटीएमसारखा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, नाही. शर्यत लांबली की बोटांना कळतं. इंजिनात हवा पुढून जाते, त्यामुळे फिल्टर मागच्या चाकाच्या चिखलापासून लांब राहतो, पण हवा ओढल्याचा आवाज थेट तुझ्या तोंडासमोर. मला आवडतो तो, तुला डोकेदुखी होईल.

सुधामामा: आणि देखभाल?

दादा: खरी मेख तिथेच आहे. तेल थोडंसंच मावतं आणि इंजिन कायम चढ्या आरपीएमवर, म्हणून तेल सारखं बदलायचं. प्रत्येक राइडनंतर हवेचा फिल्टर धुवायचा. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या झडपा, तपासायचे, पिस्टनही ठराविक तासांनी नवा. कंटाळा केलास तर इंजिन उघडावं लागेल आणि तो खर्च टू-स्ट्रोक १२५ पेक्षा, म्हणजे १२५ सीसीच्या साध्या इंजिनाच्या छोट्या डर्ट बाईकपेक्षा, बराच जास्त.

मीनाआत्या: मग १२५ च घे ना बाळा.

दादा: शिकायला मीही तेच म्हणेन. ताकद कमी, त्यामुळे वळणात वेग टिकवायला आपोआप शिकतो.

पिंट्या: मालक म्हणतो पिस्टन नुकताच बदललाय.

दादा: बिल माग. आणि बघायला जाशील तेव्हा इंजिन आधी तापवून ठेवू नका म्हणून सांग. थंड असताना सुरू व्हायला कुरकुरली तर व्हॉल्व्हचा संशय घ्यायचा.