मुंबईत हरित वीज घेतली तर तो वारा आणि ते पाणी कुठलं?

उपनगर_सचिव (प्रश्न)

आमच्या सोसायटीच्या कॉमन मीटरवर (दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे) महिन्याला ४,००० युनिटच्या आसपास वापर आहे. वितरण कंपनीकडे ग्रीन टॅरिफसाठी (नेहमीच्या दरावर जादा पैसे भरून हरित वीज घेण्याची सोय) अर्ज करावा असा ठराव कमिटीपुढे आहे. सभासदांचे प्रश्न साधे आहेत, पण नेमकी उत्तरं हवीत. पवन आणि जलविद्युत म्हणतात ती येते कुठून? जास्तीचे पैसे भरल्यावर खरंच काही बदलतं, की नुसता कागद मिळतो? उपनगरात अदाणी आणि टाटा असे दोन्ही पर्याय आहेत, तर दोघांच्या स्रोतांत फरक काय? गच्चीवर सोलर बसवण्याचा विषय वेगळा चालू आहे, तो इथे नको.

घाटमाथा

पाण्यापासून सुरू करतो, कारण मुंबईच्या विजेची सुरुवातच तिथून झाली आहे.

टाटांची तीन जलविद्युत केंद्रं घाटाच्या पायथ्याशी आहेत: खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). पाणी वरच्या अंगाला साठतं. वळवण, लोणावळा आणि शिरवता ही खोपोलीची धरणं, ठोकरवाडी भिवपुरीचं, मुळशी भिऱ्याचं. मूळचं हे पाणी भीमेच्या खोऱ्यातलं, म्हणजे पूर्वेकडे जाणारं. ते बोगद्यातून आणि दाबनळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडतात. टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी खोपोलीला पाताळगंगेत, भिवपुरीला उल्हास नदीत आणि भिऱ्याला कुंडलिकेत जातं.

हिशेब करून पाहा. १ घनमीटर (१,००० लिटर) पाणी ५०० मीटर खाली आणलं आणि यंत्रांची एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर साधारण १.१५ युनिट वीज मिळते. तुमच्या ४,००० युनिटसाठी महिन्याला जवळपास ३५ लाख लिटर पाणी घाट उतरायला हवं. १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाण्यातून सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास निघतात.

या केंद्रांचं खरं मोल युनिटांच्या संख्येत नाही, ते वेळेत आहे. झडप उघडली की काही मिनिटांत पूर्ण भार घेता येतो. त्यामुळे पाणी दिवसभर सारखं न सोडता संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखतात. संपूर्ण अंधार झाला तर बाहेरच्या विजेशिवाय सुरू होऊन शहर पुन्हा उभं करण्याची क्षमताही याच केंद्रांत आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचं असं की ही वीज टाटांचं वितरण आणि बेस्ट यांच्यात करारानं विभागलेली आहे. अदाणीच्या मीटरला तिच्यात वाटा नाही.

भिऱ्याला १५० मेगावॅटचा उदंचन संचही आहे. कुणी तो किंवा राज्य सरकारचा घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प हरित स्रोत म्हणून दाखवला, तर मान्य करू नका. उदंचनात आधी वीज खर्चून पाणी वर चढवतात. १०० युनिट घातले तर ७५ च्या आसपास परत मिळतात. ते साठवणुकीचं साधन आहे, स्रोत नाही. वर चढवायला वापरलेली वीज कोळशाची असेल, तर खाली येणारीही कोळशाचीच.

पवनमापक

वाऱ्याचं चित्र वेगळं आहे. तो एका जागी नाही आणि बाराही महिने नाही.

महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांचे मोठे पट्टे म्हणजे साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडी आणि ठोसेघरची पठारं, धुळ्यात ब्राह्मणवेल, नगर जिल्ह्यात सुपे आणि खांडके, आणि सांगलीचा दुष्काळी पूर्व भाग. टाटांच्या पवनचक्क्या सुपे, खांडके, ब्राह्मणवेल आणि सडावाघापूर इथे आहेत. अदाणी इलेक्ट्रिसिटीचा मोठा करार राज्याबाहेरचा आहे. राजस्थानात जैसलमेरला ७०० मेगावॅटचा पवन-सौर संकरित प्रकल्प मार्च २०२३ मध्ये सुरू झाला. त्यात ६०० मेगावॅट सौर आणि ५१० मेगावॅट पवन यंत्रणा आहे, दर ३ रुपये २४ पैसे आणि मुदत २५ वर्षं. बेरीज ७०० हून जास्त दिसते ती चूक नाही. दोन्ही एकाच वेळी पूर्ण चालत नाहीत, म्हणून यंत्रणा जास्त बसवतात आणि वाहिनीवर ७०० पर्यंतच पाठवतात. तशी ती वाहिनी जास्त वेळ भरलेली राहते.

आता हंगाम. आपल्या पठारांवरचा वारा हा नैर्ऋत्य मोसमी वारा आहे. वर्षाच्या निर्मितीतला निम्म्याहून मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पवनचक्कीची शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वारा सेकंदाला ८ मीटरवरून ६ वर आला, म्हणजे वेग चौथाईनं घटला, तर निर्मिती ४२ टक्क्यांवर येते. साधारण ३ मीटरच्या खाली पातं फिरलं तरी वीज नाही, आणि २५ च्या वर यंत्र स्वतःला थांबवून घेतं.

वनकुसवड्याची जुनी यंत्रं ३५० किलोवॅटच्या आसपासची आणि बुटकी आहेत. हल्लीची दोन-तीन मेगावॅटची असतात, मनोरा १२० मीटरच्या घरात. २ मेगावॅटचं एक यंत्र वर्षभरात सरासरी २२ टक्के क्षमतेनं चाललं तर ३८ लाखांहून थोडे जास्त युनिट देतं. तुमचा कॉमन वापर वर्षाला ४८,००० युनिट आहे, म्हणजे असं एक यंत्र तुमच्यासारख्या ८० सोसायट्यांना पुरतं. पण कागदावर आणि वर्षाच्या हिशेबात.

साताऱ्याच्या जुन्या प्रकल्पांबद्दल एक गोष्ट सभासदांना सांगा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशानं त्यांना पहिल्या वर्षी ३ रुपये ५० पैसे आणि दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर मिळाला. तेराव्या वर्षी तो ५ रुपये ३० पैसे होतो. जे तेव्हा सुरू झाले त्यांचा भांडवली खर्च त्या दरानं निघाला असणार. तुम्ही आज जास्तीचे पैसे दिलेत आणि ते अशाच जुन्या यंत्राच्या विजेपोटी गेले, तर नवं पातं कुठेही उभं राहत नाही.

आयोगवाचक

वरचं शेवटचं वाक्य हाच या प्रश्नाचा गाभा आहे. पैशाचा मार्ग पाहू.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानं मार्च २०२१ च्या आदेशात ग्रीन पॉवर टॅरिफ युनिटला ६६ पैसे ठरवला, तोही नेहमीच्या दराच्या वर. पुढच्या दरआदेशांत हा आकडा नव्यानं ठरतो, म्हणून ठराव करण्याआधी चालू दरपत्रक उघडून खात्री करा. ६६ पैशांनी तुमचा जादा खर्च महिन्याला २,६४० आणि वर्षाला ३१,६८० रुपये होतो. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चानुसार बदलणारा आकार) हे सगळं आहे तसंच राहतं. हरित वीज घेतली म्हणून इंधन समायोजन माफ होईल, असं गृहीत धरू नका.

आता बंधनाचा भाग. प्रत्येक वितरण कंपनीला एकूण विजेतला ठरावीक हिस्सा नवीकरणीय स्रोतांतून घ्यावाच लागतो. केंद्राच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार तो २०२४-२५ साठी २९.९१ टक्के होता आणि २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर जातो. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या केंद्रीय नियमांत असं आहे की ग्राहकानं स्वतःच्या बंधनापेक्षा जास्त घेतलेली हरित वीज वितरण कंपनीच्या बंधनपूर्तीत मोजली जाते. सोसायटीवर असं बंधन नसतंच. म्हणजे तुम्ही जे युनिट स्वेच्छेनं, पैसे देऊन घेता ते कंपनीला कायद्यानं घ्यावं लागणाऱ्या युनिटांतच जमा होऊ शकतं. तसं झालं तर ग्रीडवरची हरित वीज तुमच्यामुळे एका युनिटानंही वाढलेली नसते. मला ही तरतूद ग्राहकावर अन्याय करणारी वाटते आणि आयोगासमोरच्या जनसुनावणीत सोसायट्यांनी तिच्यावर लेखी हरकत घ्यायला हवी.

मोठ्या जलविद्युतचाही घोळ समजून घ्या. २५ मेगावॅटच्या वरचे प्रकल्प मार्च २०१९ पर्यंत नवीकरणीय या व्याख्येत नव्हते. ८ मार्च २०१९ पासून ते आले, पण जलविद्युत खरेदीचं बंधन त्या तारखेनंतर सुरू झालेल्या प्रकल्पांपुरतं ठेवलं गेलं. खोपोली, भिवपुरी, भिरा, कोयना यांतून वीज आजही येते, पण त्या बंधनाच्या रकान्यात ती बसत नाही. जाहिरातीत घाटातल्या धरणाचा फोटो दिसला तरी तुमच्या ग्रीन टॅरिफच्या प्रमाणपत्रामागे ते धरण असेलच असं नाही.

अर्जासोबत कंपनीला लेखी विचारा: गेल्या आर्थिक वर्षात ग्रीन टॅरिफच्या ग्राहकांपोटी कोणत्या प्रकल्पांतून किती युनिट लावले, ते प्रकल्प कोणत्या वर्षी सुरू झाले, आणि तेच युनिट कंपनीच्या बंधनपूर्तीत धरले का. तिसरा प्रश्न वगळू नका. उत्तर येईपर्यंत आयोगाच्या संकेतस्थळावर तुमच्या कंपनीचा दरआदेश उघडा आणि वीज खरेदीचं प्रकरण पाहा. तिथे स्रोतवार तक्ता असतो: प्रकल्प, दशलक्ष युनिट, दर. जाहिरातीपेक्षा तो तक्ता वाचा.

मुळशी_खोरे

घाटमाथा यांनी पाण्याचा हिशेब नीट मांडला, पण ते पाणी फुकटचं नाही, एवढं नोंदवतो. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात पुढे होते, आणि गावं अखेर बुडालीच. पूर्वेचं पाणी पश्चिमेला वळवणं हा आजही वाद आहे. पाऊस कमी झाला की भीमा खोऱ्यातून मागणी होते, वीज थांबवा आणि पाणी खाली सोडा. कोयनेतही पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तो कोटा संपत आला की उन्हाळ्यात निर्मिती हात राखून करावी लागते. 'हरित' या शिक्क्यात यातलं काहीच दिसत नाही. कमिटीनं जलविद्युत म्हणून टाटांकडे वळायचं ठरवलं, तर सभासदांना हेही कळलेलं असावं.

उपनगर_सचिव

सगळ्यांचे आभार. दोन शंका. एक, एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता वाराही नसतो आणि ऊनही नसतं, मग ग्रीन टॅरिफवाल्या लिफ्टला वीज कुठली? दोन, टॅरिफऐवजी थेट नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रं विकत घेतली तर?

पवनमापक

पहिल्या शंकेचं उत्तर: ट्रॉम्बे, डहाणू, घाटातली जलविद्युत आणि बाहेरून येणारी वीज, यांचं त्या क्षणी जे मिश्रण असेल ते. ट्रॉम्बे आणि डहाणू प्रामुख्यानं कोळशावर चालतात. ग्रीडचं वेळापत्रक १५ मिनिटांच्या ९६ टप्प्यांत बसवलेलं असतं, पण ग्रीन टॅरिफचा ताळा टप्प्यागणिक घालत नाहीत, बिलाच्या मुदतीवर घालतात. दुपारची जादा हरित वीज आणि रात्रीची तूट त्या मुदतीच्या हिशेबात एकमेकांत जिरते. शिवाय मुंबईत बाहेरची वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता बराच काळ अपुरी होती. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाल्यावर थोडी मोकळीक मिळाली. जैसलमेरची वीज शहरात शिरायला असा रस्ता लागतोच, नुसता करार पुरत नाही.

आयोगवाचक

प्रमाणपत्रांबद्दल. एक प्रमाणपत्र म्हणजे १ मेगावॅट-तास, १,००० युनिट हरित वीज तयार झाल्याचा दाखला. तुम्हाला वर्षाला ४८ लागतील. खरेदी वीज एक्स्चेंजवर त्याच्या सदस्यामार्फत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडून होते. भाव बदलता असतो, म्हणून सदस्याचं शुल्क धरून कोटेशन घ्या आणि ते ३१,६८० शी ताडून पाहा.

दोन ठिकाणी फसगत होते. एक्स्चेंजवर सौर आणि बिगर-सौर असा भेद आता राहिलेला नाही, त्यामुळे तिथे 'मला साताऱ्याचा वाराच हवा' असं सांगता येत नाही. प्रकल्प निवडायचा तर व्यापाऱ्यामार्फत जा आणि करारात प्रकल्पाचं नाव लिहून घ्या. दुसरं, ५ डिसेंबर २०२२ नंतर सुरू झालेल्या जलविद्युत प्रकल्पाला एका मेगावॅट-तासामागे दीड प्रमाणपत्र मिळतं, पवनला एकच. अशा जलविद्युतची ४८ प्रमाणपत्रं घेतलीत तर त्यामागे प्रत्यक्षात ३२ मेगावॅट-तासच वीज असते. पूर्ण ४८,००० युनिटांची भरपाई हवी असेल तर ७२ घ्यावी लागतील, किंवा पवनची ४८.

आणि खरेदीनंतर ती सोसायटीच्या नावे खर्ची पडल्याचा पुरावा मागून घ्या. नुसत्या पावतीवर थांबू नका.