खांद्याची झीज : ‘प्रतवारी’ की ‘वर्गीकरण’?

अनुवादिका : रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. एक्स-रे आणि सीटी स्कॅनवर मापं घेऊन खांद्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे गट कसे पाडतात, हा विषय. मी सगळीकडे ‘प्रतवारी’ लिहिलं, मुद्रितशोधक बाईंनी सगळीकडे ‘वर्गीकरण’ केलं. बरोबर कोण? आणि आजाराला ‘संधिवात’ चालेल का?

निवृत्त मराठी शिक्षक : प्रतवारी कांद्याची होते, द्राक्षांची होते. माल एकच, त्यात उत्तम, मध्यम, हलका. वर्गीकरणात असा चढउतार नसतो. वटवाघूळ सस्तन आणि चिमणी पक्षी, म्हणून कोणी वरचढ ठरत नाही. ‘संधिवात’ नको. आमवातालाही लोक तेच म्हणतात, चिकुनगुन्यानंतरच्या दुखण्यालाही तेच. सरळ ‘सांध्याची झीज’ लिहा.

अस्थिरोगतज्ज्ञ : ताई, तुम्ही दोघीही अर्ध्या बरोबर. सॅमिलसन आणि प्रिएटो यांची १९८३ची पद्धत ही प्रतवारी आहे. समोरून काढलेल्या एक्स-रेत सांध्याच्या खालच्या कडेला वाढलेलं हाड मोजायचं : ३ मिमीपेक्षा कमी असेल तर सौम्य, ३ ते ७ मध्यम, ७च्या वर तीव्र. फ्रान्समधल्या लिआँचे शल्यविशारद जील वॉल्श यांची १९९९ची पद्धत मात्र वर्गीकरण. दंडाच्या हाडाचं डोकं खांद्याच्या ज्या खोबणीत बसतं, तिचा आकार ती पाहते. ‘ए’मध्ये झीज मधोमध, ‘बी’मध्ये दंडाच्या हाडाचं डोकं मागे सरकलेलं. खोबणीच्या मध्यातून काढलेल्या रेषेमागे डोक्याचा ५५ टक्क्यांहून जास्त भाग गेला, की ‘मागे सरकलं’ म्हणायचं.

अनुवादिका : अरे देवा. मी ‘सी ही सर्वांत गंभीर पायरी’ असं लिहून बसलेय!

अस्थिरोगतज्ज्ञ : ते आधी काढा. ‘बी’च्या बी-१ या पोटप्रकाराचा पुढे बी-२ होऊ शकतो, पण बी संपलं की सी लागतं असं नाही. ‘सी’मध्ये खोबण मुळातच नीट घडलेली नसते, ती मागे २५ अंशांहून जास्त कललेली असते, मग झीज असो वा नसो. २०१६मध्ये बी-३ आणि डी जोडले गेले. त्यातल्या ‘डी’त तर सगळं उलट, पुढच्या बाजूला. रुग्णाने ‘पायरी’ वाचली की तो पुढची पायरी मोजत घरी जातो.

शिक्षक : डॉक्टर, ‘खोबण’ का? शाळेत आम्ही ‘उखळीचा सांधा’ शिकवत आलो.

अस्थिरोगतज्ज्ञ : सर, उखळ खुब्याला शोभते, ती खोल असते. खांद्याची उथळ, बशीवर चेंडू ठेवावा तशी. म्हणून तर खांदा इतका फिरतो आणि पटकन निखळतोही.

शिक्षक : पटलं. मग बी-२ म्हणजे आमच्या आजीचा पाटा! वरवंटा एकाच बाजूला चालून तिथे दुसरा खळगा पडलेला.

अस्थिरोगतज्ज्ञ : अगदी तसंच. मूळच्या खोलगट भागाशेजारी मागच्या बाजूला झिजून दुसरा खोलगट भाग. ‘दुहेरी खळगा’ म्हणू या. उद्यापासून ओपीडीत पाट्याचंच उदाहरण देणार.

फिजिओथेरपिस्ट : आणखी एक घोळ. पेशंट म्हणतात, ‘सांध्यात गॅप पडलाय.’ एक्स-रेत दिसतं उलटंच : कूर्चा झिजल्यामुळे दोन हाडांमधली फट कमी झालेली असते. पत्रकात ‘फट अरुंद होते’ असं स्पष्ट लिहा. ‘हाड वाढलंय’ मात्र ठेवा. त्यात चूक काही नाही आणि सगळ्यांना कळतं. ‘वंगण संपलं’ला माझा विरोध आहे, ते ऐकलं की लोक तेल चोळत बसतात.

अनुवादिका : नोंदवलं. मिलिमीटरवाल्या भागात ‘प्रतवारी’, वॉल्शच्या भागात ‘प्रकार’. ‘वर्गीकरण’ फक्त शीर्षकात. ‘सबलक्सेशन’ला मी ‘अर्धवट निखळणे’ लिहिलंय, ते राहू दे?

अस्थिरोगतज्ज्ञ : नको. ‘निखळला’ वाचून माणूस रात्रीच दवाखान्यात येईल. ‘मागे सरकणे’ पुरे.