हिग्ज कण सापडला, पण म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड का?

प्रश्न (शिक्षिका, फोंडा): बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले की, विद्युतभार आणि फिरकी तीच असताना म्यूऑन हा मूलकण इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २०७ पट जड कसा. हिग्ज कणाचा शोध २०१२ मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेने जाहीर केला, तेव्हा हा आकडा सिद्धान्तातून काढता येतो का?

उत्तर (ताळगाव): नाही. मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राचे मूल्य सर्वत्र सारखेच असते. कोणता कण त्याच्याशी किती जोडला गेला आहे हे सांगणारे युकावा स्थिरांक मात्र सिद्धान्त देत नाही, ते आपण मोजलेल्या वस्तुमानांवरून त्यात भरतो. सर्वांत जड मूलकण असलेल्या टॉप क्वार्कसाठी हा स्थिरांक जवळपास १ आहे, तर इलेक्ट्रॉनसाठी एक दशलक्षांशाच्या सुमारे तिप्पट. वर्गात आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी, कारण वृत्तपत्रे ती हमखास गाळतात: प्रोटॉनमधील तीन क्वार्कांची वस्तुमाने मिळून त्याच्या वस्तुमानाचा जेमतेम शंभरावा भाग भरतो, बाकीचे मुख्यतः क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येते.

उत्तर (डिचोली): मग जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोइडे यांच्या १९८१ च्या सूत्राचे काय? इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि त्यांच्याच जातीचा आणखी जड कण टाऊ यांच्या वस्तुमानांच्या बेरजेला त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागले, तर उत्तर जवळजवळ अचूक दोनतृतीयांश येते. हा निव्वळ योगायोग मानावा का?

उत्तर (ताळगाव): सूत्र सहज झटकून टाकण्याजोगे नाही. त्या काळी टाऊचे मोजलेले वस्तुमान १७८४ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या वस्तुमानाचे एकक) आसपास होते आणि सूत्रानुसार ते १७७७ यायला हवे होते. १९९२ मध्ये बीजिंगच्या प्रयोगाने मोजमाप सुधारले, ते १७७७ जवळच आले. तरीही मला शंका वाटते, कारण वस्तुमानाचे मूल्य ते कोणत्या ऊर्जेला मोजले यावर थोडे अवलंबून असते, आणि उच्च ऊर्जेला हा मेळ इतका चोख राहत नाही. फ्रॉगॅट आणि नील्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये सुचवलेली वाट मला अधिक पटते: एका लहान संख्येचे वेगवेगळे घात घेतले की वस्तुमानांमधला प्रचंड फरक आपोआप निर्माण होतो. अर्थात हे घात ठरवणारी नवी सममिती प्रयोगात दिसलेली नाही.

उत्तर (वास्को): विद्यार्थिनीला एवढे जरूर सांगा की, हिग्ज कणाचे म्यूऑनच्या जोडीत विघटन होत असल्याचा पहिला पुरावा सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाने २०२० मध्ये दिला आणि त्याचे प्रमाण म्यूऑनच्या वस्तुमानावरून अपेक्षित होते त्याच्याशी सुसंगत आहे. इलेक्ट्रॉनची जोडणी अतिशय क्षीण असल्याने तीच तपासणी त्याच्याबाबत अजून आवाक्यात नाही.