सातवीच्या शाब्दिक उदाहरणांसाठी काय घ्यावं? बजेट ५,०००

परळची_बाई: मराठी माध्यमात सातवीला गणित शिकवते. ४२ मुलं, एक जुना प्रोजेक्टर, नेट मनात येईल तेव्हा. सूत्रं तोंडपाठ, पण शाब्दिक उदाहरण आलं की 'बाई, गुणायचं की भागायचं?' विचार करायला शिकवेल असं काही सुचवा. ५,००० आहेत, त्यातले निम्मे माझेच.

मुलुंडकर_७१: सरळ इंटरॅक्टिव्ह पॅनल घ्या. आम्ही नातवाच्या शाळेला दिलं, दीड लाख पडले. एक नंबर!

खडूवाला: आमच्याकडेही आहे. पेन हरवलं, आता त्यावर वर्षातून एकदा १५ ऑगस्टची गाणी लागतात.

चकरी: जिओजेब्रा, गणिताचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं.

अंकुर_दादर: ते भूमितीला छान. मी शाब्दिकला एक्सेल लावतो. २० डोकी, ५६ पाय. कोंबड्या किती, शेळ्या किती? पहिल्या ओळीत सगळ्या कोंबड्याच, ४० पाय. एक कोंबडी काढून शेळी घातली की ४२, मग ४४. तिसऱ्या-चौथ्या ओळीला कुणीतरी ओरडतंच, 'सर, दोन-दोननंच वाढतंय! ४० वर १६ हवेत, म्हणजे ८ शेळ्या!' तिथे प्रोजेक्टर बंद करायचा.

जुना_मास्तर: क्ष धरा, दोन ओळींत सुटतं. अंदाजपंचे कशाला?

अंकुर_दादर: सर, क्ष कशाला धरायचा तिथेच तर गाडी अडते.

जुना_मास्तर: गणितज्ञ जॉर्ज पोल्यानं १९४५ सालीच सांगून ठेवलंय: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, सोडवा, मागे वळून तपासा. त्याला कुठे प्रोजेक्टर लागला? आणि पावकी-निमकीचे पाढे बंद केले तिथूनच घसरण...

खडूवाला: झालं सुरू.

फास्ट_लोकल: लॅमिंग्टन रोडला जुने टॅब मिळतात. मी तीन घेतले, दोघांच्या बॅटऱ्या फुगल्या. तिसरा बायको रेसिपी बघायला वापरते.

चकरी: जिओजेब्रा फुकट आहे, परत सांगते.

परळची_बाई: सगळ्यांचे आभार. कोंबड्या-शेळ्या करून बघेन. पण घेतला मात्र ब्लूटूथ स्पीकर, १,४०० चा. मुलं जोडीनं उदाहरण सोडवताना मोठ्यानं बोलतात, ते माझ्या फोनवर रेकॉर्ड करते आणि वर्गाला ऐकवते. काल एकीचा धडाधड गुणाकार चालला होता, मध्येच शांतता, मग 'ए थांब गं, नफा विचारलाच नाहीये, खरेदी किंमत विचारलीये!' अख्खा वर्ग पुस्तकात डोकं घालून प्रश्न परत वाचायला लागला.

मुलुंडकर_७१: १,४०० ला कुठला स्पीकर? आवाज फाटत असणार.