कागदाचा लगदा आणि बालवाडीतली मुलं: तुमचे अनुभव लिहा

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना घेऊन कागदाच्या लगद्याचं काही केलंय का? गुळगुळीत हत्तींचे फोटो नकोत, ते आईबाबांनीच केलेले असतात. मुलांच्या हातून काय झालं आणि ती कुठे कंटाळली, ते लिहा.

ताई_बालवाडीच्या: आमच्याकडे पहिला दिवस नुसता फाडण्याचा. कात्री नाहीच. वर्तमानपत्र उभं फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडीवाकडी. हे एकदा कळलं की मुलांना दुसरं काही नको असतं. तुकडे रात्रभर पाण्यात, सकाळी पिळायचे, चुरायचे आणि घट्ट खळीत, म्हणजे मैदा शिजवून केलेल्या चिकीत, मळायचे. मासिकांचा चकचकीत कागद लवकर भिजत नाही. अंड्यांचे ट्रे उत्तम, ते मुळात लगद्याचेच असतात.

या वयात ‘ससा कर’ म्हणू नये. गोळा वळता येतो, चपटा करता येतो, त्यात बोट खुपसता येतं. एवढ्यात आंबा होतो, पणती होते, काड्या खोचल्या की साळिंदरही होतं. कान, शेपूट वेगळं चिकटवलं तर वाळल्यावर गळून पडतं, म्हणून गोळ्यातूनच चिमटीने ओढायला शिकवते. आणि कृपा करून मुलांनी केलेलं नंतर नीटनेटकं करत बसू नका. त्यांना लगेच कळतं.

सांगलीची_आजी: माझी आई बांबूच्या जुन्या टोपल्यांना लगदा लिंपायची, त्यात भिजवून वाटलेली मेथी. लगदा चिकट होतो, कीडही लागत नाही म्हणायची. नातवाला वाटी उपडी घालून दिली, वरून तेलाचा हात फिरवला आणि लाव म्हटलं. “आजी, भाजीचा वास येतोय,” म्हणून पळाला. मेथीशिवायचा लगदा दिल्यावर आला परत.

म्हापशेकर: दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहतात. सांगाडा, गवत, कागद यात मोठी मुलं कितीतरी दिवस गुंतलेली. छोट्यांना तिथे कोण विचारतो? म्हणून लेकीने बाटलीवर लगदा थापून स्वतःचा केला. डोळे म्हणजे दोन खड्डे, जीभ मात्र हातभर. पहाटे जाळायचा म्हटल्यावर जी रडारड झाली! तो अजून टीव्हीशेजारी आहे.

डोंबिवली_फास्ट: जुलैत करू नका. वाळत नाही, बुरशी येते. एवढंच.

खळवाला: वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) पडायचा. मुलांच्या खळीत तो चुकूनही नको, विषारी असतो, आणि या वयात बोटं तोंडात जातातच. मैदा एक वाटी, पाणी चार-पाच वाट्या. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत शिजवायचं. चमचाभर मीठ घातलं तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

मिनेसोटाहून: लेकीच्या वर्गात एका मुलाला सीलिअॅक हा ग्लुटेन न सोसण्याचा आजार आहे, त्यामुळे गव्हाचं काहीच चालत नाही. आम्ही कॉर्नफ्लोअरची खळ केली. हिवाळ्यात हीटरमुळे इथे हवा इतकी कोरडी की वस्तू भराभर वाळतात. डोंबिवलीकरांनी जळावं!

नवी_आई: साच्याला फुगा चालेल का?

ताई_बालवाडीच्या: नको. फुटला तर रबराचे तुकडे तोंडात जातात, घशात अडकतात. दुधाची पिशवी धुऊन घ्या, आत रद्दी कोंबा आणि तोंड चिकटपट्टीने बंद करा.